आप्पांच्या विहिरीचा खांब

मी रंगवलेल्या पडद्यांपुढं आमच्या गावात पुष्कळ राजे मेले, पुष्कळ राण्या रडल्या. गणपतीतलं नाटक म्हटलं की राजवाडा माझा, जंगल माझं, स्मशानसुद्धा माझंच. पण माझ्या कुठल्याही पडद्यापुढं जमली नाही एवढी गर्दी एका बाजाराच्या दिवशी चावडीच्या भिंतीपुढं जमली, आणि त्या भिंतीवर मी काढलं होतं काय, तर तीन खांब. गेरूनं भरलेले, शेजारी शेजारी उभे. एक माझ्या कमरेपर्यंत आलेला, दुसरा घोट्याएवढा, आणि तिसरा भिंतीच्या बुडाशी उंदीर बसावा तसा बसलेला. त्या खांबांची गोष्ट मी पुष्कळ बैठकींत सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. अर्धी गोष्ट होईपर्यंत मीही हसवतो.

गाव तापीकाठचं, शहाद्याच्या बाजूचं. राज्य इंग्रजांचं, जिल्हा पश्चिम खानदेश, मोठे साहेब धुळ्याला, आणि आमची उडी नंदुरबारच्या बाजारापर्यंत. मी विशीतला होतो. मॅट्रिकला आपटलेला, शेतात मन नसलेला, पण हातात ब्रश दिला की जेवण विसरणारा. वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं ते त्यांच्या थोरल्या भावानं. घरात आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो आणि गावही आप्पाच म्हणायचं. त्यांची बायको ती माझी मोठी माय.

आप्पांचा सगळा अभिमान आमच्या विहिरीत होता. माझ्या आजोबांनी ती दुष्काळात खणली. चांगली ऐसपैस, वरपासून पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, पाणी असं गोड की पाहुणा चहाआधी पाणी मागायचा. आमच्या घरची विहीर असली तरी अर्धं गाव तिच्यावर भरायचं आणि आप्पांनी कधी कुणाला अडवलं नाही. अर्थात ज्यांना त्या काळी कुठल्याच विहिरीवर येऊ देत नसत त्यांना आमच्याही विहिरीवर येऊ देत नसत, आणि त्यात काही चुकतं आहे असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सकाळी बायका घागरी घेऊन उतरू लागल्या की आप्पा काठावरच्या निंबाखाली बसून ती ये-जा बघायचे. नाटकाच्या मालकानं भरलेल्या खुर्च्या बघाव्यात तसे.

त्या विहिरीत एक ओटा होता. पाण्याला लागून असलेल्या पायरीवर आप्पांनी एक घडीव शिळा बसवून घेतली होती, माणसाला आरामात बसता यावं आणि पाय पाण्यात सोडता यावेत अशी. ती बसवली मोठ्या मायसाठी. तिला नारू झाला होता.

ज्यांनी नारू पाहिला नाही ते सुखी. पायावर फोड उठतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, मग फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं बाहेर काढतो. त्याला ओढायचं नाही. तुटला तर पाय सडतो. एका काडीला त्याचं टोक गुंडाळायचं आणि रोज थोडा थोडा पीळ देत बाहेर घ्यायचा. मोठ्या मायचा तुटला. गुडघा कायमचा आखडला. पाय थंड पाण्यात सोडला की आग निवायची, म्हणून आप्पांनी शिळा आणवली, आणि मग ज्याला ज्याला नारू त्याला त्याला आप्पा स्वतः हाक मारून सांगायचे, ‘ये, ओटावर बठ. पाय सोड पानीमा. मन्ही इहीर सगळासनी शे.’

गावात आप्पांना दुवा मिळायचा तो गोड पाण्यापेक्षा त्या ओट्यासाठी.

एक दिवस जिल्हा लोकल बोर्डाच्या आरोग्य खात्याचा एक साहेब आला. साहेब म्हणजे काय, सायकलवरून आलेला, धोतराला चिमटे लावलेला, पुण्याकडचं मराठी बोलणारा सडपातळ तरुण. गावानं त्याचं नाव ठेवलं नारूसाहेब. तो घरोघर जाऊन विचारायचा की पाणी कुठल्या विहिरीचं पिता आणि घरात कुणाला नारू आहे का. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग त्यानं चावडीवर सांगितलं की बोर्डानं या गावातल्या एका विहिरीसाठी पैसे मंजूर केले आहेत. जिच्या पाण्यानं सगळ्यांत जास्त नारू होतो तिच्या पायऱ्या बुजवायच्या, भोवती कठडा बांधायचा आणि वर रहाट बसवायचा. कुठली ते तो बाजाराच्या दिवशी सगळ्या गावाला भिंतीवर दाखवणार होता.

पायऱ्या बुजवायच्या हे ऐकल्यावर आप्पा तिथून उठून घरी आले आणि जेवताना म्हणाले, ‘मन्हा बापनी एकेक पायरी डोयासमोर बसाडेल शे. कोनी हात लायी देखो.’

इकडं नारूसाहेबाला चित्र काढता येत नव्हतं, आणि गावात चितारी एकच. त्यानं मला बोलावलं. ‘स्तंभालेख काढायचा आहे,’ तो म्हणाला. मी म्हटलं काढू, आधी तो काय प्राणी आहे ते सांगा. त्यानं समजावलं. प्रत्येक विहिरीचा एक खांब. ज्या घरात नारू आहे त्या घरासाठी एक बोट उंची. जास्त घरं, तर उंच खांब. वाचता न येणाऱ्या माणसालाही लांबून कळेल.

मला हे भलतंच आवडलं. मी लगेच नक्षीकाम सुरू केलं. आमच्या विहिरीच्या खांबाखाली चौथरा काढायला घेतला, कारण चौथऱ्याशिवाय खांब म्हणजे धोतराशिवाय माणूस. साहेब ओरडला. ‘चौथरा काढू नका! सगळे खांब एकाच रेघेवरून उठले पाहिजेत. एकाला वर चढवलंत, एकाला खड्ड्यात उभं केलंत, तर उंची कळणार कशी?’ चौथरा पुसला. पण साहेब विडी ओढायला गेला तेव्हा मी आपली हौस भागवलीच. सर्वांत उंच खांबाच्या माथ्यावर दोन डोळे काढले. गोल, बाहेर आलेले, नाटकातल्या राक्षसाला काढतो तसे. खांब कुठल्या विहिरीचा ते मला ठाऊक होतं. तरी काढले. हात थांबेना.

बाजाराच्या दिवशी गाव लोटलं.

‘हाऊ कोनता देव शे रे?’

‘देव नही, खांब शे.’

‘खांबले डोया कथाईन उनात?’

‘नारूना डोया शेत त्या. तुले देखी ऱ्हायना.’

साहेबानं काठीनं एकेक खांब दाखवला. मारवाडी गल्लीतली कठड्याची विहीर, तिचा खांब घोट्याएवढा. नदीच्या वाळूतला झिरा, ज्यावर गावाबाहेरची वस्ती पाणी भरायची, त्याचा खांब तो बसलेला उंदीर. आणि हा कमरेएवढा.

‘व माय! हाई तं आप्पासनी इहीर!’ एक बाई म्हणाली आणि हशा पिकला. तो हशा माझ्या डोळ्यांना होता, विहिरीला नव्हता, आणि मी, खोटं कशाला सांगू, पडदा वर गेल्यावर टाळी मिळावी तसा फुलून उभा होतो. एवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली. आप्पा आले होते.

त्यांनी खांबाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

‘कोनी काढं हाई?’

‘मी, आप्पा.’

‘डोया बी तूच काढात?’

‘हा आप्पा.’

‘चांगला चितारी व्हयना रे तू. घरन्या इहिरले डोया लावात.’

आता लोक मला हसले. आप्पा साहेबाकडं वळले. मला वाटलं आता काठी उचलतात. पण आप्पा कोर्टात वकिलानं बोलावं तसे शांतपणे बोलले.

‘साहेब, मन्ही इहीर अर्धा गाव पेस. मारवाडी गल्लीनी इहीर पेनारा घरे कितला? झिरावर कितला? जठे पेनारा जास्ती, तठे दुखनारा बी जास्तीच ना? मोठा खळावर दाना जास्ती सांडस, म्हनीसन खळंच वाईट का? हाऊ न्याय शे का तुमना?’

गर्दीनं मान डोलावली. आणि मग साहेबानं जे केलं त्यासाठी मी त्याला आजही मानतो. तो म्हणाला, ‘आप्पा, तुमचं बरोबर आहे. मी अर्धीच तुलना मांडली. प्रत्येक लाल खांबाशेजारी एक पांढरा खांब हवा, त्या विहिरीवर पिणारी घरं किती ते सांगणारा. मग दोन्ही बघून ठरवू.’ त्याला दुसऱ्या दिवशी खांडबाऱ्याकडं जायचं होतं. परत आल्यावर नवा आलेख काढू, म्हणाला, आणि तोवर पिणारी घरं गावानंच मोजावीत.

‘मी मोजस,’ आप्पा म्हणाले.

मारवाडी गल्लीतले शेटजी दुकानाच्या पायरीवरून बघत होते. त्यांच्या आजोबांपासून ते इथलेच. मराठी आमच्याहून साफ. ‘वा आप्पाजी,’ ते म्हणाले, ‘मोजणार तुम्ही, रंगवणार तुमचा पुतण्या. दोष माझ्याच विहिरीचा निघणार. तिच्या कठड्यावर आजपासून गोधड्या वाळत घालू का?’

आप्पा घराकडं वळले. पण मला वाटतं ते वाक्य त्यांच्याबरोबर घरी आलं.

मोजायची रीत आप्पांनी आपली आपण काढली. कोटाच्या डाव्या खिशात सरकी. ज्या घरी आमचं पाणी पितात त्या घरासाठी एक सरकी माझ्या हातातल्या तांब्यात टाकायची. इतर दोन विहिरींसाठी वेगळी भांडी. आप्पा पुढं, मी तांब्या घेऊन मागं, अशी आमची वरात निघाली.

पहिल्या घरची म्हातारी आप्पांना बघून उठायला गेली आणि लगेच खाली बसली. पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

‘पानी कोठलं पेतस व बहीण?’

‘तुमनंच, आप्पा. दुसरं पानी घशाखाले उतरत नही.’

सरकी तांब्यात. आप्पा निघाले आणि उंबऱ्यात थांबले. ‘पायले काय व्हयनं?’

‘काटा लागेल शे.’

आप्पा परत फिरले. लुगड्याच्या काठाखालून एक काडी डोकावत होती, चिंधीनं पिंढरीला बांधलेली.

‘कोनता काटाले काडी बांधतस व बहीण?’

म्हातारीनं लुगडं आणखी खाली ओढलं.

‘साहेब उना व्हता तव्हय बी काटाच सांगा का?’

‘मग काय सांगसू? तुमना पानीले नाव ठेवं तं मन्ही जीभ झडी जाई. तुम्ही आमनासाठे ओटा करी दिधा. रोज जास ना मी, तठे पाय सोडस तं जीवले बरं वाटस.’

हे बोलताना तिला आप्पांचं केवढं कौतुक होतं! आप्पा बाहेर आले. मी तांब्या हातात धरून उभा. ते म्हणाले, ‘आपले काय मोजाले सांगेल शे?’

‘पिणारी घरं.’

‘मग तेच मोज.’

पुढची घरं आम्ही भराभर केली. पण एकदा दिसायला लागलं की दिसतच राहतं. एका घरी सासऱ्याला ‘मोच’, पुढच्या घरी सुनेला ‘गळू’, त्याच्या पुढं थोरल्या मुलाला ‘बैलनी लाथ’. सगळ्यांच्या पायाला चिंध्या, आणि सगळ्यांच्या तोंडात आप्पांच्या पाण्याची स्तुती. नारूसाहेबापुढं अर्ध्या गावानं पाय लपवले होते. कुणी भीतीनं नाही. आप्पांना वाईट वाटू नये म्हणून. साहेबाच्या हिशोबावर मी रंगवलेला तो कमरेएवढा लाल खांब, ज्याच्यावर आप्पांचा एवढा राग होता, तो लोकांनी आप्पांच्या प्रेमापोटी बुटका ठेवलेला खांब होता.

उन्हं उतरली तेव्हा आमची सरकी मोजून जवळजवळ झाली होती. आप्पा मारुतीच्या पारावर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी गंमत करायला गेलो, ‘आप्पा, आपला पांढरा खांब छातीपर्यंत जाणार. शेटजी गोधड्या घेऊन पळणार!’ त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या क्षणी त्यांच्या हातात अजून खेळण्याजोगा डाव होता. साहेबानं सांगितलं तेवढंच मोजलं होतं. साहेबाचा लाल खांब कमरेला आणि आमचा पांढरा छातीला. पायऱ्यांसाठी भांडायला तेवढं पुरलं असतं. आणि खरं काय ते त्यांना आणि मलाच ठाऊक होतं.

पागोटं पुन्हा डोक्यावर चढवत ते म्हणाले, ‘मिरची आन.’

‘काय?’

‘लाल मिरची. घरमाइन. उजवा खिसा रिकामा शे.’

मी मिरच्या आणल्या. आप्पा उठले. ‘चाल. पयल्या घरपाइन.’

दुसऱ्या फेरीला ते नुसते विचारत नव्हते. उंबऱ्याशी खाली बसायचे आणि म्हणायचे, ‘पाय दाखाड. मन्ही आन शे तुले, खरं दाखाड.’ लोक रडकुंडीला यायचे. एकानं तर उलट आप्पांनाच समजावलं, ‘ऱ्हाऊ द्या ना आप्पा, आमले काही तक्रार नही.’ मिरची तांब्यात पडायची. मारवाडी गल्लीतही गेले, झिऱ्यावरच्या वस्तीतही गेले. वस्तीत ते अंगणाच्या कडेला उभं राहून विचारायचे, आत जात नव्हते. ते मला तेव्हा नेहमीसारखंच वाटलं.

सगळं संपायला आणखी दोन-तीन दिवस गेले. शेवटी घरी ओसरीवर सुपात आम्ही आमच्या विहिरीचे ढीग ओतले. एक सरकीचा, एक मिरचीचा. मोठी माय आखडलेला पाय ओढत बाहेर आली.

‘मिरचीना काय कराना शे?’

‘मोजी ऱ्हायनूत,’ आप्पा म्हणाले. ‘एक मिरची म्हंजे नारूनं एक घर.’

तिनं ढिगाकडं पाहिलं. मग आत गेली, एक मिरची घेऊन आली आणि हळूच ढिगावर ठेवली.

‘आपलं घर मोजं नही ना तुम्ही.’

मी आयुष्यात पुष्कळ नटांना रंगभूमीवर स्तब्ध उभं राहायला शिकवलं आहे. आप्पा त्या वेळी ज्या प्रकारे स्तब्ध झाले तसं कुणाला जमलं नाही.

नारूसाहेब परत आला. मी नवा आलेख काढला. चावडीची भिंत शेणामातीनं सारवलेली, त्यामुळं तिच्यावर चुना झकास उठायचा. तीन जोड्या झाल्या. मारवाडी विहीर, पांढरा मांडीपर्यंत, शेजारी लाल घोट्यालाच. झिरा, पांढरा गुडघ्याला, लाल बोटभर. आणि आमची. पांढरा छातीला आणि शेजारचा लाल वाढवत वाढवत मी इतका वर नेला की पांढऱ्यापासून तो चारच बोटं खाली राहिला. डोळे कमरेवर होते तिथंच राहिले. आता ते पोटातून बघितल्यासारखे दिसत होते. मी ते पुसायला ओलं फडकं घेतलं, पण लोक जमायला लागले होते, राहून गेले.

या वेळी कुणी हसलं नाही. अशा जोड्या समोर ठेवल्या की समजावून सांगायला काही उरत नाही.

आप्पा पुढं आले. ‘साहेब, गाव एक. जमीनखालनं पानी एकच. मग मन्ही इहीर अशी काबरं?’

साहेब मोजून मापून बोलला. नारूचा फोड पाण्यात बुडला की आतला किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पाण्यातले पिसवांएवढे जीव ती पिल्लं गिळतात. ते पाणी आपण पितो आणि वर्षभरानं किडा आपल्या पायातून निघतो. त्यानं आमच्या विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हाकडं धरलं. बारीक बारीक काहीतरी त्यात उड्या मारत होतं. ‘शेटजींच्या विहिरीला कठडा आहे, पोहऱ्यानं पाणी काढतात. झिऱ्यातलं पाणी वाळूतून झिरपतं आणि वाटीनं भरतात. तिथं पाण्यात पाय बुडवायला कुणी उतरत नाही.’

‘आनि मन्ही इहिरमा?’

साहेबाला ओटा ठाऊक होता. तो खाली बघत म्हणाला, ‘तुमच्या विहिरीत उतरतात.’

ते सगळ्या गावाला एकाच वेळी कळलं असावं, कारण कुणीही कुणाकडं बघेना. आप्पांनी हाका मारमारून बसवलेले लोक होते ते. ज्या ज्या पायानं तिथं थंडावा घेतला होता त्या त्या पायानं शेजाऱ्याच्या घागरीत काय टाकलं होतं ते त्यांना दिसत होतं. पहिल्या घरच्या म्हातारीनं पदर तोंडात धरला. तिची नात मागच्या वर्षी नारूनं लंगडी झाली होती.

आप्पा भिंतीवरच्या झिऱ्याच्या खांबाकडं बघत होते. कुणाला उद्देशून नाही, पण मोठ्यानं म्हणाले, ‘ज्यासले आम्ही पायरीवर येऊ दिधं नही, त्याच वाचनात.’

वस्तीतला एक माणूस नेहमीप्रमाणं गर्दीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडं उभा होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, ‘बरं करं आप्पा तुम्ही.’

त्याचा सूर मला आजही ठरवता येत नाही. टोमणा म्हणावा तर चेहरा साधा होता, साधेपणा म्हणावा तर तेवढ्यापुरता तो पहिल्यांदाच आप्पांच्या डोळ्यात बघत होता. आप्पांनीही हात जोडले. गावानं असं काही पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आप्पा पहार घेऊन विहिरीत उतरले. बोर्डाची माणसं यायला अजून अवकाश होता. मी मागं गेलो तर म्हणाले, ‘तू वरच ऱ्हाय.’ मोठी माय काठावर येऊन बसली. खालून दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. एकदा फार वेळ थांबला, तेव्हा ती वाकून म्हणाली, ‘मन्हासाठे करा व्हता ना तो? मग मन्हा पायनं पाप शे, तुमनं नही.’

‘तुना पायले म्या बसाडं,’ खालून आवाज आला. ‘मांघे सर. पडशी.’

शिळा फुटली नाही, उपटून निघाली. ती वर काढायला माणसं लागली. मी म्हटलं, अंगणात धुणं धुवायला होईल. आप्पांनी ती नव्या कठड्यात बसवायला दिली, बाहेरच्या अंगाला, घागर टेकवायची तिथं.

पायऱ्या बुजल्या, रहाट बसला. आता नाटकाचा शेवट गोड व्हायला हवा, नाही का? पुढच्या वर्षी साहेब आला, घरं मोजली गेली, आणि लाल खांब होता तिथंच. जराही खाली नाही. गावात कुजबुज झाली की आप्पांनी वडिलांच्या पायऱ्या फुकट बुजवल्या. साहेबानं आधीच सांगितलं होतं की किडा वर्षभर पोटात वाढतो, या वर्षीचे पाय गेल्या वर्षीच्या पाण्याचे. पण ऐकून घेतलेलं आणि दिसलेलं यात फार अंतर असतं. आप्पा ते वर्ष काठावरच्या निंबाखाली बसले नाहीत. जेवायलाही कमी बसायचे. पाहुण्यानं पाणी मागितलं की ते स्वतः उठून दुहेरी फडक्यातून गाळून द्यायचे, आणि पाहुणा पिऊन होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी मी खांब काढायला घेतला आणि तो मांडीवरच संपला. मला वाटलं माझंच मोजायला चुकलं. साहेबानं पुन्हा घरं सांगितली. बरोबर होतं. त्यानंतरच्या वर्षी गुडघा. मी धावत घरी गेलो आणि आप्पांना हाताला धरून आणलं.

दर दिवाळीआधी चावडीची भिंत सारवली जायची, सगळे जुने खांब शेणामातीखाली जायचे. त्या वर्षी आप्पा म्हणाले, ‘नवा खांब काढ. पन बाजुले पयला बी काढ. तो चार बोटं खाले ऱ्हायेल व्हता ना, तोच. तेवढाच उच्चा.’

‘आता कशाला आप्पा? आता तर उतरला.’

‘बाजुले उभा नही ऱ्हायना तं हाऊ धाकला शे हाई कोनले समजी?’

मी काढला. एकाच रेघेवरून. एक छातीला लागलेला, एक गुडघ्याचा. माझ्या हातानं आपोआप ठरवलं की या वेळी डोळे नाहीत. इतकी वर्षं त्या दोन डोळ्यांनी मला झोपेतही कानकोंडं केलं होतं. मी ब्रश धुवायला टाकला. आप्पा जुन्या खांबाजवळ उभे राहिले. त्यांचं वय झालं होतं, पाठ वाकली होती, खांब त्यांच्या खांद्याला आला होता. लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. ओला गेरू तळव्याला लागला.

‘हाऊ मन्हा,’ ते म्हणाले. मग जवळून निरखून बघत, ‘डोया कोठे शेत याना?’

‘नाही काढले.’

‘काढ.’

‘आप्पा, ती तेव्हाची माझी थट्टा होती. राहू द्या.’

‘थट्टा व्हती म्हनीसन लोके देखाले उनात,’ ते म्हणाले. ‘काढ. गोल काढ, पयलासारखा. कोनी तरी देखत ऱ्हायना पाहिजे.’

मी धुतलेला ब्रश पुन्हा चुन्यात बुडवला. आप्पा बाजूला झाले नाहीत. त्यांच्या खांद्यावरून हात लांब करून मला ते डोळे काढावे लागले.